गोल रबर आणि लंबगोल कान

आमचा एक भाचा लातूरला खोली घेऊन राहतो व वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. दिवसा क्लास आणि रात्री मोबाइलवर पुन्हा व्याख्याने, असा त्याचा क्रम. खोलीत आणखी दोघे जण असल्याने जे ऐकायचे ते कानात इअरफोन घालूनच. गेल्या उन्हाळ्यात तो नांदेडला आमच्याकडे आला तेव्हा सारखा कान चोळत होता. "मामा, कान दुखायलेत," तो म्हणाला, "घातलं की ठणकतंय, अन् सैल केलं की सरांचा आवाज पार पातळ येतो." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून कानात काही बिघाड नसल्याचे सांगितले. मग आम्ही आमचे विज्ञान पणाला लावले आणि त्याला चांगला महागडा, नावाजलेला इअरफोन घेऊन दिला. तो कानात पुरता खोल बसवला तरच खरा वाजतो, असेही बजावून सांगितले. आठवड्याभरात त्याने तो कपाटात ठेवून दिला व जुनाच दीडशे रुपयांचा इअरफोन पुन्हा सुरू केला. फरक इतकाच की आता आवाज पूर्वीपेक्षा दोन खुणा जास्त होता.

चूक आमची होती. ती कशी झाली हे शोधताना इअरफोनच्या खोक्यावर, दुकानात आणि जाहिरातींत जे सांगितले जाते त्याची थोडी चिकित्सा करावी लागली. ती वाचकांपुढे ठेवण्याचे कारण असे की आज ही वस्तू आपल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानात आहे. 'लातूर पॅटर्न' हे नाव गाजू लागले तेव्हा अभ्यासाची साधने म्हणजे फळा, वही आणि प्रश्नपत्रिकांचा सराव. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले आणि व्याख्याने मोबाइलवर आली. पुढे वर्ग भरू लागले, पण मोबाइलवरची व्याख्याने गेली नाहीत. लातूर-नांदेडच्या खोल्यांतून आणि अभ्यासिकांतून मुले ती तासन्‌तास ऐकतात. एखादे गाणे ऐकण्यापुरते चालून जाणारे साधन सहा तासांना चालेलच असे नाही.

दुकानदाराचे म्हणणे बहुधा असे असते : "सर, आवाज पाहिजे तर थोडं टोचणारच, सवय होऊन जाते." म्हणजे आराम हवा असेल तर आवाजावर पाणी सोडा, आणि आवाज हवा असेल तर दुखणे सोसा. हे इतके सर्वमान्य आहे की आम्हीही ते न तपासता मान्य केले होते. ते कितपत खरे आहे ते पाहण्यासाठी आधी कानाकडे पाहू.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, तिला नागमोडी वळण असते. तिचा छेद गोल नसून लंबगोल असतो. बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक असतो. आतला दोन तृतीयांश भाग हाडात कोरलेला असून त्यावरची त्वचा अतिशय पातळ असते. या आतल्या भागाला जरा धक्का लागला तरी कळ येते. एकाच माणसाचे दोन कानही तंतोतंत सारखे नसतात. शिवाय ही नळी हलते. स्वच्छ धुतलेली करंगळी अलगद कानाच्या तोंडाशी ठेवा आणि तोंड उघडझाप करा. जबड्याचा सांधा नळीला अगदी लागून असल्याने नळीची भिंत हलताना बोटाला जाणवते. बोलताना किंवा भडंग खाताना इअरफोन सैल का होतो याचे उत्तर इथे आहे.

अशा वाकड्या, लंबगोल, हलणाऱ्या नळीत आपण गोल रबराचे टोक बसवतो. ते कुठेतरी दाबते आणि कुठेतरी फट ठेवते. त्या फटीचा आवाजावर काय परिणाम होतो ते वर्गात दाखवता येते. त्यासाठी सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज पुरे. तिच्या तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या ढकला, आतल्या हवेचा दाब बोटाला लगेच जाणवतो. आता बोट किंचित सैल करून बारीक फट ठेवा. दट्ट्या सावकाश ढकलला तर हवा फटीतून निघून जाते आणि दाब जाणवतच नाही. झटक्याने ढकलला तर मात्र हवेला निसटायला वेळ मिळत नाही व दाब जाणवतो. इअरफोनमधला कंप पावणारा पडदा म्हणजे हा दट्ट्या. सावकाश ढकलणे म्हणजे कमी वारंवारतेचा, खर्जातला आवाज. झटका म्हणजे जास्त वारंवारतेचा. फट राहिली की पहिल्यांदा खर्ज जातो आणि उरतो तो पातळ, कर्कश आवाज. भाच्याची तक्रार शब्दशः हीच होती.

आता नेहमी काय होते ते पाहा. मधल्या मापाचे रबर टोचते म्हणून मूल लहान मापाचे घालते. ते सैल बसते, खर्ज जातो. मग तो परत मिळवण्यासाठी इअरफोन आत दाबला जातो, थेट त्या हाडाच्या भागाकडे. तिथे कळ येते. ती नको म्हणून पुन्हा बाहेर ओढला जातो, फट वाढते, आणि शेवटी आवाजाची पट्टी वर सरकते. दुखणे आणि आवाजाचे बिघडणे ही इथे दोन टोके नाहीत. दोन्हींचे मूळ चुकीच्या मापात आहे. मऊ व थोडे मोठे रबर नळीच्या तोंडाशी, कूर्चेच्या भागात रुंद टेकले तर दाब अधिक जागेवर पसरतो, म्हणून टोचत नाही, आणि फटही राहत नाही, म्हणून खर्जही टिकतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो आणि दुकानात विसरतो.

मग कारखानदाराला हे कळत नाही काय? कळते, पण त्याची मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. इअरफोनचा आवाज मोजण्यासाठी एक कृत्रिम कान वापरतात. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८१ साली ठरले, तेही मुख्यतः श्रवणयंत्रे तपासण्याच्या गरजेतून. या कानाची नळी धातूची, सरळ आणि गोल, ७.५ मिलिमीटर व्यासाची. तिच्यात इअरफोन पक्का बसवून आलेख काढतात. त्या कानाला दुखत नाही, घाम येत नाही, आणि तो भडंगही खात नाही. आवाजाचा आलेख त्यावर चांगला येतो यात शंका नाही. पण तोच आलेख आपल्या कानात मिळेल, हे गृहीत धरणे चूक. माणसाच्या कानाची मापे घेऊन घडवलेल्या वाकड्या नळीचे कृत्रिम कान अलीकडे आले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. ते महाग आहेत आणि दीडशे रुपयांचा माल त्यांच्यापर्यंत पोहोचत असेल असे वाटत नाही.

नळी बंद केल्याने आणखी एक गोष्ट घडते. उघडी कर्णनलिका ही एका टोकाला पडद्याने बंद असलेली नळी आहे, म्हणून तिचा अनुनाद तरंगलांबीच्या एक चतुर्थांशावर होतो. हवेतला ध्वनिवेग ३५० मीटर प्रतिसेकंद आणि लांबी २.५ सेंटिमीटर धरली तर उत्तर ३५०० हर्ट्‌झ येते. प्रत्यक्षात ते ३००० च्या जवळपास असते. बोलणे समजण्यासाठी महत्त्वाचा असा हा पट्टा कान स्वतःच वाढवून देतो. इअरफोन घातला की दुसरे टोकही बंद होते आणि अनुनाद अर्ध्या तरंगलांबीवर जातो. पुढे २ सेंटिमीटर नळी उरली असेल तर तो ८७५० हर्ट्‌झला, दीड सेंटिमीटर उरली असेल तर ११,६०० च्या पुढे. म्हणजे निसर्गाने दिलेली वाढ गेली आणि नको तिथे नवी आली. ती भरपाई रचनाकाराने करायची असते. चांगल्या आणि सुमार इअरफोनमधला खरा फरक या भरपाईत असतो. 'स' आणि 'श' कानाला टोचू लागले तर तो दोष कधी रचनेचा असतो, तर कधी इअरफोन किती खोल बसला आहे याचा.

आता खोक्याकडे वळू. '२० ते २०,००० हर्ट्‌झ' हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते. या पट्ट्यात आवाज किती डेसिबेलने वरखाली होतो ते सांगितल्याशिवाय या आकड्यांना काही अर्थ नाही. नांदेडहून लातूरला रस्ता जातो एवढेच सांगण्यासारखे ते आहे; खड्डे किती, हे त्यात येत नाही. '१० मिलिमीटरचा ड्रायव्हर' याचाही गाजावाजा फार. बंद, इवल्याशा पोकळीत लहान पडदासुद्धा पुरेसा खर्ज देऊ शकतो, फट नसेल तर. मोठ्या ड्रायव्हरला मोठे घर लागते, आणि ते कडक घर कानाच्या वाटीत तासभर टेकून राहिले की तिथे दुखते. हे दुखणे रबर बदलून जात नाही. कुठे दुखते, वाटीत की नळीत, हे आधी पाहावे.

सर्वांत खटकते ते 'एक्स्ट्रा बास'. खर्जाचा जोर वाढवला की तो त्याच्या वरच्या वारंवारतांना झाकून टाकतो. गाण्यात ते कुणाला आवडेल, पण व्याख्यानाचे काय? स्वरांची बरीचशी ताकद खालच्या पट्ट्यात असते, तर व्यंजनांची ओळख वरच्या पट्ट्यात पटते. 'स' ची बहुतेक ऊर्जा ४००० हर्ट्‌झच्या वर असते. ती दबली तर 'साठ' चा 'आठ' ऐकू येतो, आणि 'सात' व 'साठ' यांतला फरकही पुसट होतो. गणिताच्या व्याख्यानात हा घोळ परवडणारा नाही. ऐकू नीट येत नाही म्हणून मूल आवाज वाढवते, त्याबरोबर खर्जही वाढतो, आणि पुन्हा काही समजत नाही. चांगला आवाज म्हणजे जास्त आवाज नव्हे हे आपणच मुलांना उदाहरण देऊन सांगायला हवे, कारण जाहिरात ते सांगणार नाही.

आवाज वाढवण्याचा हिशेबही सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली मांडलेल्या मानकानुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबेलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे. लहान मुलांसाठी हीच मुदत ७५ डेसिबेलला. पुढे दर ३ डेसिबेलला मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. रोज सहा तास म्हणजे आठवड्याचे ४२ झाले. भाच्याच्या त्या दोन खुणा नेमक्या किती डेसिबेलच्या होत्या ते आम्ही मोजले नाही, पण मुदत कमी करायला तीन पुरतात. आतल्या कानातल्या संवेदनशील पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. रबर नीट बसले तर बाहेरचा गोंगाटही अडतो, आणि कमी आवाजात काम भागते. म्हणून मापाच्या रबराचा प्रश्न केवळ आरामाचा नाही.

दुसऱ्या बाजूचेही काही खरे आहे. कानाच्या तोंडाशी नुसते अडकणारे, रबर नसलेले इअरफोन पुष्कळांना सोयीचे वाटतात. शांत खोलीत बोलणे ऐकायला ते चांगले. एसटीत मात्र त्यांच्यावर आवाज वाढवावाच लागतो. उलट खोल बसणारे, तीन छत्र्यांच्या रबराचे इअरफोन १९९१ पासून मिळत आहेत. गोंगाट अडवण्यात ते उत्तम, पण आतपर्यंत जाणारे रबर सोसणे सर्वांना जमत नाही. आम्ही भाच्याला घेऊन दिलेला याच जातीचा होता. फेसाच्या मऊ बोळ्यांचे टोक दाबून घातले की कानात फुगून कानाचाच आकार घेते. त्याने वरच्या पट्ट्याची धार थोडी कमी होते, आणि ते लवकर मळते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा बंद कानात घाम साचतो, आणि ओल्या कानात बुरशी सहज वाढते. दर तासाला इअरफोन काढून कान मोकळा करणे, रबर काढून साबणाने धुऊन पुरते वाळवणे आणि दुसऱ्याचा इअरफोन न वापरणे, हे कोणत्याही किमतीच्या इअरफोनला लागू आहे. कान ओढल्यावर दुखत असेल किंवा पाणी येत असेल तर रबर बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. आणि एका बाजूचा आवाज हळूहळू बसला तर तो इअरफोन फेकण्यापूर्वी त्याची जाळी पाहावी. कानात तेल घालण्याची सवय असलेल्या घरांत ती मळाने बुजलेली असण्याचा संभव फार.

माप बरोबर आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. एका हाताने कान वर आणि मागे ओढावा, म्हणजे नळी थोडी सरळ होते. दुसऱ्या हाताने इअरफोन ठेवून किंचित फिरवावा आणि कान सोडावा. काही न लावता, तोंड मिटून 'म्' असा गुंजारव करावा. नळी बंद असेल तर हाडांतून आलेला आपलाच आवाज कानात घुमतो. दोन्हीकडे सारखा घुमला तर दोन्ही बंद. एकीकडे पातळ वाटला तर तिथे फट आहे.

भाच्याला आम्ही हे फोनवर सांगितले आणि खोक्यात पडून असलेली तिन्ही मापांची रबरे त्या जुन्याच इअरफोनला लावून पाहायला सांगितले. रात्री त्याचा फोन आला. उजव्या कानाला मोठे बसले, डाव्याला मधले. आवाजाची पट्टी तीन खुणा खाली आली होती. कानाच्या वाटीत मात्र अजून थोडे दुखते, म्हणाला. त्या इअरफोनचे घरच कडक आहे, त्यावर आमच्याकडे दर तासाच्या सुट्टीखेरीज दुसरा उपाय नाही. महागडा इअरफोन त्याच्या खोलीतल्या एका मित्राला अगदी छान बसला आहे.