‘घाशीराम कोतवाल’ : एक दुर्लक्षित प्रश्न

कै. विजय तेंडुलकर यांचे हे नाटक 1972 साली रंगभूमीवर आले, व वाद माजला तो नाना फडणविसांच्या चारित्र्याविषयी. कोतवालाच्या कन्येच्या सौद्याचे कथानक कल्पित होय. तें आम्हांस रुचत नाही. परंतु त्या गदारोळात पुण्यातील 1791 ची मूळ घटना झाकली गेली. घाशीरामाने कोंडलेले विसांवर तैलंग ब्राह्मण कोंदट कोठडीत मेले. मानाजी फाकड्यांनी ती उघडविली म्हणून बाकीचे वाचले. पुढे घाशीराम ब्राह्मणांच्या स्वाधीन केला गेला व दगडांखाली मेला. यास न्याय म्हणावे काय? सुमारे चौदा वर्षे त्यास कोतवालीवर ठेवणाऱ्या कारभाऱ्यांस जाब कोणी विचारिला? नाटकात नाना अखेरीस निर्धास्त दिसतात. तेवढा भाग मात्र कल्पित म्हणवत नाही.