पोराची गोष्ट कोण सांगतो : उजनीकाठावरून तीन मराठी कथांकडे

किशोरवयीन मुलांवरच्या कथेत कथानकाहून निवेदक महत्त्वाचा ठरतो. पोराकडे कोण पाहतो आणि किती अंतरावरून पाहतो, यावर भाषा, संघर्ष आणि शेवटही ठरतात. उजनी धरणाच्या आसपासच्या मुलखातल्या दोन कथा आणि सीमाभागातली लंपन या मुलाची कथामाला एकत्र वाचल्यावर हे ठळकपणे जाणवते.

सांगोल्यापलीकडच्या माणदेशातला ‘झेल्या’ व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहात आहे. लोहाराचा हा पोरगा वाचकाला दिसतो तो मास्तरच्या नजरेतून. त्याचा अवतार, शाळेतली वागणूक, हळूहळू जडलेला जीव हे सारे बाहेरूनच टिपलेले आहे. त्याच्या मनातले मास्तरला जेवढे उमगते तेवढेच वाचकाला कळते. ही मर्यादाच कथेचे बळ आहे, कारण तिच्यामुळे माया कुठेही भाबडी होत नाही.

भास्कर चंदनशिव हे कळंब तालुक्यातले, म्हणजे बार्शीच्या शेजारचे. त्यांच्या ‘लाल चिखल’मध्ये नजर पोराची आहे, पण गोष्ट बापाची आहे. बाजारात टोमॅटोला भाव नाही, आणि अखेर बाप आपलाच माल पायांखाली तुडवतो. शेतमालाच्या भावावरची कथा किती सहज घोषणा होऊन बसते! इथे तसे होत नाही, कारण बाप कोलमडताना पाहणारा त्याचा मुलगा आहे. शीर्षकातले प्रतीकही वरून चिकटवलेले नाही, ते डोळ्यांदेखत पायांखाली तयार होते. टेंभुर्णी-करमाळ्याकडच्या ऊस, केळी पिकवणाऱ्या घरांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. तिन्हींत सर्वांत नाट्यपूर्ण शेवट हिचाच.

प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ (१९९४) आणि पुढच्या संग्रहांतला लंपन आजी-आजोबांकडे वाढतो. घटना थोड्या, संघर्ष आतला. आई-वडिलांपासूनचे अंतर, मैत्रीण सुमी आणि कानडीचा शेजार त्याच्या बोलण्यात मिसळलेले असतात. मोठमोठे आकडे फेकत बोलणारी ही पोरसवदा भाषाच इथे निवेदन होते. मुलाचे मन मराठी कथेत इतक्या आतून क्वचितच आले असेल.

आता उजनीकडे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. फुगवट्याने करमाळा, इंदापूर, दौंड या तालुक्यांतली जुनी गावे पोटात घेतली आणि माणसे नव्या गावठाणांवर आली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. नंतर जन्मलेल्या पोरांना जुना गाव फक्त आजी-आजोबांच्या तोंडून माहीत, तर जाळ्यातली चिलापी, पलीकडच्या काठाला नेणारी लाँच आणि पाण्यालगतचा ऊस त्यांचे रोजचे. घरातल्यांचे दुःख खरे असले तरी पोराने ते सोसलेले नाही, ही या वयाच्या कथेची खरी अडचण आहे. ‘लाल चिखल’सारखा एका क्षणी फुटणारा शेवट इथे जुळणार नाही, कारण बुडणे पोराच्या जन्माआधीच उरकलेले आहे. ‘झेल्या’तल्यासारख्या मास्तरला घरातल्या आठवणी ऐकू येणार नाहीत. लंपनची पद्धत मात्र या काठाला लागू पडते : आजीच्या तोंडचा बुडालेला गाव आणि पोराच्या पायाखालचा नवा गाव एकाच वाक्यात बोलू शकणारा, करमाळा-माढ्याच्या बोलीतला पोरगाच तिथे निवेदक हवा.