संकटकाळातील आधार : तुकारामांची श्रद्धा आणि टिळकांचे तत्त्वचिंतन

प्रस्तावना : संकटात माणसाला धर्मश्रद्धा तारते की तत्त्वज्ञान, हा प्रश्न तुकारामांची गाथा आणि लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ यांच्या आधारे तपासता येतो.

विवेचन : १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. गाथेतील श्रद्धा मात्र निव्वळ सांत्वन करणारी नाही. ती विठ्ठलाशी भांडते, त्याला जाब विचारते, प्रसंगी देव मेला असेही म्हणते. दुःख ज्याच्यापुढे मांडावे असा कोणीतरी समोर आहे, हेच तिचे बळ होय.

टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. फलासक्ती सोडून कर्म करीत राहावे, हा त्यातील सिद्धान्त बंदिवासातही मनाला दिशा देणारा आहे. परंतु ग्रंथाच्या युक्तिवादात वैयक्तिक शोकाला फारशी जागा नाही. १९१२ मध्ये, टिळक तुरुंगात असतानाच, पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. अशा वेळी काय करावे, हे ग्रंथ सांगतो. दुःख कोणापाशी बोलावे, हे त्याच्या मुख्य प्रतिपादनातून मिळत नाही.

तथापि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची प्रस्तावना तुकारामांच्याच वचनाने सुरू होते आणि ‘भक्तिमार्ग’ हे स्वतंत्र प्रकरणही त्यात आहे, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष : श्रद्धा विरुद्ध तत्त्वज्ञान ही मांडणी त्यामुळे अपुरी ठरते. शोक व्यक्त करणे आणि कर्तव्य ठरविणे या संकटग्रस्त माणसाच्या दोन भिन्न गरजा असून, एकीची पूर्ती दुसरीने होत नाही, असे दिसून येते.