सोनेरी मोटारीतला माणूस

लहानग्या मोटारींचे संग्राहक प्रतिकृतीची पारख दोन कसोट्यांवर करतात : ती मुळाबरहुकूम आहे काय, आणि ती कोरी राहिली आहे काय. ‘कॉर्गी’च्या एका मोटारीपुढे या दोन्ही कसोट्या लंगड्या पडतात.

१९६४ सालच्या ‘गोल्डफिंगर’ या चित्रपटात जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन रुपेरी होती. पुढच्याच वर्षी वेल्समधील स्वान्सी येथे मेटॉय कंपनीने तिची तळहाताएवढी प्रतिकृती काढली, ती मात्र सोनेरी! १९६८ साली रुपेरी मोटारही आली. पण मन रमते ते सोनेरीतच.

कारण उघड आहे. तिच्यात नुसती नक्कल नाही, खेळ आहे. एकेक कळ दाबावी, तो पुढून बंदुका निघतात, मागे ढाल उभी राहते, आणि टप उघडून आतला इवलासा माणूस उडून जातो! हा माणूस पोरांनी पलंगाखाली, अंगणात, कुठे कुठे हरवला. म्हणूनच आज माणसासकट, खोक्यासकट मिळणाऱ्या मोटारीला एवढे मोल. सगळ्यांनीच खोकी जपली असती, तर त्यांना कोण विचारते? संग्राहकाच्या काचेच्या कपाटातली श्रीमंती त्या खेळकर पोरांनीच निर्माण केली आहे.

खोके जपणाऱ्याच्या चिकाटीला आमचा नमस्कार. परंतु टवके उडालेली, माणूस हरवलेली मोटार सदोष म्हणून बाजूला सारणे ही रसिकता नव्हे, सराफी झाली. खेळण्याने करायचे काम तिने चोख बजावले आहे. मानाची जागा तिलाही हवी.