जर्नल आहे म्हणून निर्धास्त?

आज एकाच वाक्याची चिकित्सा करू. राउटर, तिकीटयंत्रं अशी छोटी उपकरणं बनवणाऱ्यांकडून ते सर्रास ऐकू येतं: 'फाइल सिस्टिमला जर्नल आहे, वीज गेली तरी काळजी नाही.' तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? काम आहे. हे 'जिथे हे, तिथे ते' अशा घडणीचं विधान आहे, आणि अशी विधानं तपासणं हाच आमचा धंदा.

जर्नल म्हणजे दुकानातली रोजकीर्द. व्यवहार आधी कीर्दीत टिपायचा, मग खतावणीत चढवायचा. मध्येच दिवे गेले तर कीर्द बघून खतावणी पुरी करता येते. २००१ साली लिनक्समध्ये आलेली एक्स्ट३ आणि तिच्यानंतरची एक्स्ट४ हेच करतात. पण नेहमीच्या मांडणीत या कीर्दीत फाइलचं नाव, जागा, आकार एवढंच जातं. मजकूर जात नाही. म्हणजे वचन आहे ते वही सुसंगत राहील एवढंच. तुमची शेवटची नोंद वाचेल, असं कुणी म्हटलेलंच नाही.

दुसरी गोष्ट. ही पद्धत फिरत्या तबकडीच्या काळातली. तबकडीवर त्याच जागी पुन्हा लिहिता येतं. फ्लॅशवर आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि स्वस्त फ्लॅशचा ब्लॉक काही हजार वेळाच पुसता येतो. म्हणून एसडी कार्डात किंवा ईएमएमसीत एक नियंत्रक असतो. तो लेखन गुपचूप नव्या जागी नेतो आणि कुठे काय ठेवलं याचा स्वतःचा तक्ता सांभाळतो. म्हणजे कीर्दीखाली आणखी एक, न दिसणारी कीर्द! वीज जाताना तो तक्ताच अर्धवट राहिला, तर वरची कीर्द काय करणार? काही फ्लॅशमध्ये तर एक पान लिहिताना वीज गेली, की आधी नीट लिहिलेलं जोडीचं पानही बिघडू शकतं. 'लिहून झालं ते झालं' हे जर्नलचं गृहीतकच तिथे डळमळतं.

आपले नैयायिक याला उपाधी म्हणतात. 'जिथे अग्नी, तिथे धूर' हे सरसकट खरं नाही; सरपण ओलं असेल तरच धूर. तसंच, खालचा नियंत्रक इमानी असेल तरच जर्नल तारतं. वाक्यातून हा 'तरच' गळून पडतो, माझा आक्षेप तेवढाच आहे.

झिजेचाही प्रश्न आहे. २०२१ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सततच्या लेखनाने आतली ८ जीबी ईएमएमसी झिजत होती. ती संपली की पडदा बंद, आणि मागच्या कॅमेऱ्याचं चित्रही बंद. तिथे दोष जर्नलचा होता असं मी म्हणत नाही. पण जर्नलही लेखनच करतं, आणि लेखनाला किंमत असते.

मग 'जर्नल बंद करा' म्हणणारे बरोबर का? नाही. त्याने झीज थोडी कमी होईल, पण वीज गेल्यावर खतावणीच विस्कटेल. नियंत्रकाविना उघडी फ्लॅश असेल तर तिच्यासाठीच रचलेली, २००८ पासून लिनक्समध्ये असलेली यूबीआयएफएस घ्या. कार्डच वापरायचं असेल तर प्रणालीचा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवा, फुटकळ नोंदी रॅममध्ये जाऊ द्या आणि खरोखर जपायचं तेवढंच लिहा. मग लेखन चालू असताना शेकडो वेळा वीज तोडून बघा. अनुमानाला प्रत्यक्षाची जोड हवी, बरं का.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.