उघडं दार, पण चावी कुणाकडं?

ब्राझीलमध्ये साओ पावलोत पत्र्याची पिंपं बनवणारा कारखाना होता. बंद पडला. सेस्क संस्थेनं तिथं कामगारांसाठी विरंगुळा केंद्र काढायचं ठरवलं. लीना बो बार्दी ही आर्किटेक्ट बाई १९७६ साली जागा बघायला गेली. तर तिथं पोरं हुंदडतायत, आया खाणं रांधतायत. लोकांनी जागा आधीच आपली केली होती.

बाईनं शेड पाडल्या नाहीत. त्याच विटांच्या भिंतीत वाचनालय, नाटकघर, कार्यशाळा बसवल्या. १९८२ ला दार उघडलं. नाल्यावर बांधकामाला बंदी, तर तिथं फळ्या टाकून लोकांना ऊन खात पडायला जागा केली. श्रमाच्या खुणा न पुसता उभं केलेलं हे काम मला अस्सल वाटतं.

पण समीक्षक काँक्रीटचेच गोडवे गातात. सेस्क चालते व्यापारी आस्थापनांच्या पगारबिलावर बसवलेल्या सक्तीच्या वर्गणीवर. कारभार मात्र व्यापारी मालकांच्या महासंघाकडं. म्हणजे पैसा श्रमातून येणार, आणि कामगार पाहुणा!

दोस्तहो, इमारत कशी आहे हे बघताना कमिटीवर कोण बसलंय हेही विचारा.