मागे उभा राहणारा आवाज : मार्गो गुर्यान यांचा ‘टेक अ पिक्चर’

पाश्चात्त्य पॉप संगीतात ‘हरवून सापडलेला अल्बम’ हा आता एक स्वतंत्र प्रकारच झाला आहे. त्याची कथा ठरलेली असते : प्रतिभा, उपेक्षा, विस्मृती आणि काही दशकांनी गौरव. अमेरिकी गीतकार, संगीतकार आणि गायिका मार्गो गुर्यान (१९३७–२०२१) यांचा १९६८ साली बेल रेकॉर्ड्सने काढलेला ‘टेक अ पिक्चर’ याच कथेत बसवला जातो. अल्बम लक्षपूर्वक ऐकला, की ही कथा अपुरी वाटू लागते.

गुर्यान मूळच्या जॅझच्या. बोस्टन विद्यापीठात शिकल्यावर १९५९ साली त्या लेनॉक्सच्या जॅझ शाळेत गेल्या. त्या वर्षी ऑर्नेट कोलमनही तिथे होते. त्यांच्या ‘लोनली वुमन’ या रचनेला पुढे गुर्यान यांनी शब्द दिले. पॉपकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. पियानोवादक डेव्ह फ्रिशबर्ग यांनी त्यांना बीच बॉइजचे ‘गॉड ओन्ली नोज’ (१९६६) ऐकवले आणि त्यांची दिशा पालटली. ‘थिंक ऑफ रेन’ हे गाणे त्यातूनच आले.

या अल्बमचे मर्म त्या दोन घराण्यांच्या भेटीत आहे. वरवर पाहता ही अकरा छोटी, गुणगुणण्याजोगी प्रेमगीते. चाल सोपी, पण तिच्याखालची स्वरसंगती जॅझची : अपेक्षित स्वरावर न थांबता बाजूला सरकणारी. ‘समवन आय नो’मध्ये बाखची एक प्रसिद्ध धून गाण्याच्या चालीसोबत समांतर वाहते, तरी पांडित्याचा दर्प कुठे नाही. गुर्यान यांचा आवाज लहान, श्वासमिश्रित. तो दोनदा मुद्रित करून एकावर एक बसवला आहे. त्यामुळे गळ्याची मर्यादा झाकली जात नाही, तिचीच शैली होते. गायिका रचनेच्या पुढे न येता तिच्यात मिसळून राहते.

अल्बम चालला नाही, यामागे केवळ श्रोत्यांची उपेक्षा नव्हती. त्यातलेच ‘संडे मॉर्निंग’ हे गाणे ‘स्पँकी अँड अवर गँग’ या गटाने गाजवले होते. गुर्यान यांनी दौरे करण्यास नकार दिला आणि कंपनीने प्रसिद्धीतून हात काढून घेतला. पुढे त्या पियानो शिकवत राहिल्या. २००० साली अल्बम पुन्हा निघाला. अखेरच्या वर्षांत त्यांचे ‘व्हाय डू आय क्राय’ हे जुने गाणे समाजमाध्यमांवरील तरुणांनी उचलून धरले.

या प्रवासाला ‘अन्यायाचे परिमार्जन’ म्हणणे सोयीचे आहे, पण त्यात कलावंताच्या नकाराची किंमत शून्य ठरते. व्यासपीठाला नाही म्हणणारी व्यक्ती आणि रचनेच्या आड राहणारा हा आवाज एकमेकांना साजेसे आहेत. ‘टेक अ पिक्चर’ची थोरवी तो उशिरा सापडला यात नाही. गाणे गायिकेपेक्षा मोठे ठेवता येते, हे त्याने पॉपसारख्या चेहऱ्यावर चालणाऱ्या व्यवसायात सिद्ध केले.